मीटरच्या पलीकडचा कायदा

काशीच्या जुन्या वस्तीत, म्हणजे ज्याला येथे 'पक्का महाल' म्हणतात त्या भागात, दहा-बारा वर्षांपूर्वी वर पाहिले तर आकाशाआधी तारा दिसत. चार-पाच हात रुंदीच्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली दगडी घरे आणि त्यांच्या मधून लोंबणारे विजेच्या, टेलिफोनच्या व केबलच्या तारांचे झुबके. हे दृश्य पुष्कळ अंशी बदलले. एकात्मिक ऊर्जा विकास योजनेचा शुभारंभ १८ सप्टेंबर २०१५ रोजी वाराणसीतच झाला आणि तीन वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१८ रोजी, जुन्या काशीतील काम लोकार्पित झाले. सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या दाट वस्तीत वीजवाहिन्या जमिनीखाली गेल्या. पन्नास हजारांच्या आसपास ग्राहकांना त्याचा लाभ झाला. रस्ता खणताना कोठे शतकभर जुनी गटारे लागली, कोठे पाण्याच्या नळांचे नकाशेच नव्हते. अशा ठिकाणी हे काम पार पडले. शासनाने केलेले चांगले काम चांगले म्हणावे, असे मी मानतो.

परंतु या कामाला एक हद्द होती आणि ती मीटरपाशी संपली. कायद्याच्या भाषेत मीटरपर्यंतची यंत्रणा पुरवठादाराची आणि मीटरनंतरची ग्राहकाची. खर्चाच्या वाटणीसाठी ही विभागणी योग्यच आहे. मात्र धोक्याला ही हद्द ठाऊक नसते. विजेने होणारा मृत्यू मीटरच्या अलीकडे झाला की पलीकडे, याने त्या कुटुंबाच्या दुःखात फरक पडत नाही. माझ्या मते आपल्या वीज-प्रशासनातील सर्वांत दुर्लक्षित मुलूख हा मीटरच्या पलीकडचा आहे. तेथे कायदा नाही असे नाही. कायदा आहे, नियम आहेत, मानके आहेत, उत्तम संदर्भग्रंथ आहेत. ते ज्याच्या हाती असायला हवेत त्याच्या हाती नाहीत, एवढीच अडचण आहे.

या मुलुखाचे स्वरूप प्रथम पाहू. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यानपिढ्या मराठी कुटुंबे राहत आली. तेथील अनेक वाड्यांचे वारस आज पुण्यामुंबईत किंवा परदेशात आहेत आणि वाड्यांत भाडेकरू आहेत. अशा एकाच घरात वायरिंगच्या तीन पिढ्या एकत्र नांदताना दिसतात. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली रबरी वेष्टणाची वायर ही पहिली. तांब्याच्या टंचाईच्या काळात आलेली ॲल्युमिनियमची वायर ही दुसरी. गीझर, इन्व्हर्टर आणि एसी आल्यावर प्लास्टिकच्या पट्टीतून घाईने ओढलेली तांब्याची वायर ही तिसरी. या पिढ्यांची जेथे गाठ पडते, तेथे बहुधा दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, जोड सैल पडतो आणि सैल जोड तापतो. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्यातच तळमजल्यावर रात्रभर ई-रिक्षाची बॅटरी चार्ज होत असते, आणि मदनपुरा, लल्लापुरा यांसारख्या विणकरांच्या मोहल्ल्यांत राहत्या घरातच यंत्रमाग चालतो. पन्नास वर्षांपूर्वी चार दिवे आणि दोन पंखे यांसाठी घातलेली वायर आज कशाकशाचे ओझे वाहते, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

अर्थिंगची स्थिती याहून वाईट आहे. दगडी फरसबंदीच्या गल्लीत, अंगण नसलेल्या घरात अर्थिंगचा खड्डा घ्यायचा कोठे? पूर्वीचा वायरमन लोखंडी नळाला तार बांधून मोकळा होई. ती रीत तेव्हाही सदोषच होती. पुढे लोखंडी नळ गेले, प्लास्टिकचे आले. नळाला बांधलेली हिरवी तार कोठे कोठे अजून तशीच आहे, पण ती आता जमिनीला मिळतच नाही. पाहणाऱ्याला वाटते, अर्थिंग आहे. त्यात काशीला पुराचे दुखणे जुने. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर असताना १९७८ साली गंगा ७३.९० मीटरपर्यंत चढली होती, आणि अलीकडच्या वर्षांतही तिने धोक्याची पातळी अनेकदा ओलांडली आहे. पाणी ओसरल्यावर ओल भिंतीत महिनोन्महिने राहते आणि त्याच भिंतीत वायर असते.

मृत्यू नेमका कसा येतो, हे उन्हाळ्यातल्या कूलरच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पत्र्याचा कूलर बनारसला जितका परिचित तितकाच नागपूर-अकोल्याला. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप आणि वर मोटर. पंपाच्या वायरीचे वेष्टण कोठेतरी खरचटते आणि पेटीत वीज उतरते. प्लगची तिसरी पिन जोडलेली व अर्थिंग नीट असेल तर हा प्रवाह जमिनीकडे निघून जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी तुटून पुरवठा बंद पडतो. पण तिसरी पिन कापून टाकलेली असते, किंवा प्लगच नसतो आणि दोन तारा सॉकेटच्या भोकांत काड्यांनी खोचलेल्या असतात. मग ओल्या फरशीवर उभे राहून पाणी भरणारी व्यक्ती हाच जमिनीकडे जाणारा मार्ग ठरतो.

येथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. माणसाच्या हृदयाची लय बिघडण्यास तीस-चाळीस मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण पुरेसा होऊ शकतो. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण तेवढाच प्रवाह घेतो. सोळा अँपिअरचा एमसीबी मात्र त्याच्या चारशेपट प्रवाहालाही हरकत घेत नाही, कारण तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणूस वाचवणे हे त्याचे काम नव्हे. ते काम आरसीसीबी या उपकरणाचे. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ते डोळ्याची पापणी लवण्याआधी वीज तोडते. 'आमच्याकडे एमसीबी आहे, आता भीती नाही', असे सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. या एका गैरसमजाची किंमत फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने मरण पावलेल्यांची संख्या २०१७ पासून वर्षानुवर्षे बारा हजारांच्या वर राहिली आहे. शेतातील तार, वीज कंपनीची वाहिनी, कारखाना आणि घर असे सर्व मृत्यू त्यात येतात. तरीही हा आकडा एखाद्या साथीच्या रोगाचा असता, तर आपण त्यासाठी स्वतंत्र मोहीम उघडली असती.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. विजेच्या नियमांचा उगमच मुळी सुरक्षेत आहे. लंडनमध्ये विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी तेथील अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ साली पहिले वायरिंग नियम प्रसिद्ध केले. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ ची. या दोन्ही ग्रंथांच्या आवृत्त्या आजतागायत निघत आहेत. भारतात विजेविषयीचा पहिला कायदा १८८७ चा, आणि त्याचा हेतूही विजेच्या वापरापासून माणसांचे व मालमत्तेचे रक्षण करणे हाच होता. पुढे १९०३ व १९१० चे कायदे आले, १९५६ चे भारतीय विद्युत नियम आले आणि २००३ च्या विद्युत अधिनियमाने जुनी चौकट बदलली. त्याच्या कलम ५३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम २०१० साली केले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

या विनियमांत काय नाही? दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंगचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच झाले पाहिजे. जोडणी देण्यापूर्वी ग्राहकाच्या वायरिंगची तपासणी व चाचणी झाली पाहिजे. लहान भार वगळता प्रत्येक घरगुती जोडणीवर तीस मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक उपकरण हवे. जोडणीनंतरही पाच वर्षांहून अधिक अंतर न ठेवता फेरतपासणी व्हावी, ही तरतूद तर १९५६ च्या नियमांपासूनची आहे. वाचकहो, आपल्या घराची अशी पंचवार्षिक तपासणी झाल्याचे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

नियमांच्या जोडीला तपशील सांगणारे ग्रंथ आहेत. घरगुती वायरिंगची संहिता म्हणजे आय.एस. ७३२. तिची २०१९ ची आवृत्ती आज प्रमाण आहे. अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३, सुधारित २०१८. या सर्वांचे सार एकत्र करणारी भारताची राष्ट्रीय विद्युत संहिता प्रथम १९८५ साली निघाली, २०११ मध्ये सुधारली गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा नव्याने आली. राष्ट्रीय इमारत संहितेत विजेचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय लोकनिर्माण विभागाची अंतर्गत विद्युत कामांची सर्वसाधारण विनिर्देश-पुस्तिका तर सरकारी निविदांतून रोज उद्धृत होते. न्यूट्रलवर फ्यूज टाकू नये, स्विच नेहमी फेजवरच असावा, एका दिव्याच्या सर्किटवर किती बिंदू घ्यावेत, पाचशे व्होल्टच्या मेगरने चाचणी घेतली असता इन्सुलेशनचा रोध निदान एक मेगओहम यावा, अशा शेकडो गोष्टी येथे शांतपणे लिहून ठेवलेल्या आहेत. देशाने हे ज्ञान फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. जवळजवळ प्रत्येक कलमामागे कोठेतरी लागलेली आग किंवा कोणाचा तरी मृत्यू आहे.

मग हे ज्ञान पक्क्या महालातील वायरमनपर्यंत का पोहोचत नाही? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याची चार कारणे दिसतात.

पहिले कारण माहितीच्या विषमतेचे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की ग्राहकाला मालाचा दर्जा कळत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. वायरिंग हे याचे आदर्श उदाहरण ठरावे. काम संपताच ते गिलाव्याखाली झाकले जाते. दिवा लागला की ग्राहकाच्या दृष्टीने काम उत्तम. योग्य जाडीची वायर वापरणारा, प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची तार नेणारा वायरमन जास्त पैसे मागतो आणि काम गमावतो. कमी जाडीची वायर वापरणारा स्वस्त ठरतो. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वायरींवर मानक चिन्ह सक्तीचे केले, हे योग्यच झाले. त्यामुळे दुकानातल्या वायरीच्या दर्जावर सरकारची नजर आली, पण तीच वायर भिंतीत कशी जोडली गेली, हे कोणी पाहत नाही.

दुसरे कारण मालक आणि भाडेकरू यांच्या हितसंबंधांचे. उत्तर प्रदेशात १९७२ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी दीर्घकाळ गोठवून ठेवली. मुंबईतील चाळींची कथाही वेगळी नाही. ज्या घरातून मिळणाऱ्या भाड्यात एक दिवसाची मजुरीही सुटत नाही, त्या घराचे वायरिंग मालक कशाला बदलेल? आणि जे घर आपले नाही, त्यावर भाडेकरू खर्च का करील? २०२१ साली उत्तर प्रदेशात नवा भाडेकरारविषयक कायदा आला, तरी जुनी गाठ एका दिवसात सुटत नाही. दोघांच्याही दृष्टीने काहीच न करणे हाच शहाणपणा ठरतो आणि वायर जुनी होत राहते.

तिसरे कारण म्हणजे अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात ते. पक्क्या महालात भिंतीला भिंत लागून आहे. एका घरातील जोड पेटला तर धोका दहा घरांना आणि अग्निशामक दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. तेव्हा 'माझे घर, माझी वायर' हे म्हणणे टिकत नाही. ज्या निर्णयाची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते, त्यात शासनाने लक्ष घालणे हा हस्तक्षेप नव्हे, ते कर्तव्यच आहे.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याने नियम पाळायचा, त्याला तो वाचायलाच मिळत नव्हता. मानके ही अनेक वर्षे विकत घ्यायची पुस्तके होती आणि किमती साध्या कारागिराच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. कार्ल मालामूद या अमेरिकी कार्यकर्त्याने हजारो भारतीय मानके महाजालावर मोफत ठेवली. त्यावरून वाद झाला आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. त्याने सॅम पित्रोदा यांच्यासह २०१८ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'कोड स्वराज' आहे. नागरिकाला बंधनकारक असलेला नियम नागरिकाला विनामूल्य वाचता आला पाहिजे, हा त्याचा मुद्दा मला प्रशासक म्हणून पूर्णपणे पटतो. भारतीय मानक ब्युरोने आता नोंदणी करून बहुतेक भारतीय मानके संकेतस्थळावरून मोफत घेण्याची सोय केली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण मोफत म्हणजे सुगम नव्हे. तांत्रिक इंग्रजीतील शेकडो पानांचा ग्रंथ मोफत मिळाला, तरी आठवी-दहावी शिकून उस्तादाच्या हाताखाली तयार झालेल्या मुलाला त्याचा उपयोग काय?

याच शहरात पंडित मदनमोहन मालवीय यांच्या विश्वविद्यालयात १९१९ साली अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. विद्युत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांपैकी ते एक. आज त्याची आयआयटी झाली आहे. तेथून पंचगंगा घाट पाच-सहा किलोमीटरवर आहे. शंभर वर्षांत एवढे अंतर ज्ञानाला तोडता आले नाही. हा दोष त्या संस्थेचा मुळीच नव्हे. पदवीधर अभियंता आणि हातात पक्कड धरणारा कारागीर यांच्यामधला पूल बांधणे हे शासनाचे काम होते. ते आपण बांधले नाही.

कोणी म्हणेल, हा गरीब वस्त्यांचा आणि जुन्या घरांचा प्रश्न आहे. तसे नाही. दिल्लीच्या उपहार चित्रगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. आग इमारतीतील ट्रान्सफॉर्मरपासून लागली. त्याच दिवशी सकाळी त्याची दुरुस्ती झाली होती, आणि केबलचा जोड योग्य यंत्राने न दाबता हातोडीने ठोकून बसवला गेला होता, हे न्यायालयीन चौकशीत पुढे आले. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा बालके दगावली. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अशाच कक्षात त्याची पुनरावृत्ती झाली आणि त्या रात्रीच दहा बालके गेली. या दोन्ही घटनांच्या चौकशीत विजेच्या बिघाडाचा उल्लेख आला. यातील एकही वास्तू पक्क्या महालातील पडका वाडा नव्हती. एका जोडाला, एका प्लगला आपण किती क्षुल्लक समजतो, याची ही उदाहरणे आहेत. दुर्घटनेनंतर 'शॉर्ट सर्किट' हा शब्द आपण असा उच्चारतो, जणू ती दैवी आपत्ती असावी. प्रत्यक्षात शॉर्ट सर्किट हे बहुतेक वेळा न पाळलेल्या नियमाचे नाव असते.

उपाय सुचवताना एक आक्षेप मला दिसतो. घरोघरी निरीक्षक पाठवले तर तपासणी होणार नाही, वसुली होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. जोडणीपूर्व चाचणीचे आज काय होते? ठेकेदाराचा शिक्का असलेला अहवाल अर्जाला जोडला जातो. अनेकदा मेगर पेटीतून बाहेरही निघालेला नसतो. अशा कागदांत आणखी एका कागदाची भर घालून कोणाचाही जीव वाचणार नाही. शिवाय विद्युत निरीक्षकांची पदे मोजकी आणि घरे कोट्यवधी. तेव्हा निरीक्षकांची फौज हा मार्ग नव्हे. इतर देशांनी काय केले ते पाहावे. जपानमध्ये घरगुती वायरिंगची पाहणी साधारण चार वर्षांतून एकदा होते आणि ती घडवून आणण्याची जबाबदारी वीज पुरवणाऱ्यांवर आहे. इंग्लंडने २०२० च्या नियमांनी भाड्याच्या घरांसाठी दर पाच वर्षांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली आणि अहवालाची प्रत भाडेकरूला देणे मालकावर सोपवले. त्यामुळे ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याच्याच हाती माहिती पोहोचते. कोणत्याही निरीक्षकापेक्षा तो अधिक दक्ष असतो.

हे ध्यानात घेऊन माझ्या सूचना अशा :

१) खिशात मावेल अशी, चित्रांसह, शंभर पानांच्या आतली वायरिंग-पुस्तिका हिंदी, मराठी व इतर भारतीय भाषांत शासनाने काढावी. इंग्लंडमध्ये वायरिंग नियमांच्या जाड ग्रंथाबरोबरच कामाच्या जागी वापरायची छोटी मार्गदर्शिका निघते आणि कारागीर ती जवळ बाळगतात. आपल्याकडे पुस्तिकेची भाषा दुकानातली असावी. 'भूयोजन' लिहून कोणाला कळणार नाही, 'अर्थिंग'च लिहावे. ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री या अभ्यासक्रमांना लावावी आणि वीज-साहित्याच्या प्रत्येक दुकानात मोफत ठेवावी.

२) पिढीजात काम करणाऱ्या वायरमनला बेकायदा ठरवून बाजूला सारू नये. त्याची थोड्या दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन त्याला परवान्याच्या चौकटीत आणावे. कामाचा त्याचा अनुभव शासनाला फुकट मिळत आहे.

३) तपासणी कॅलेंडरवर न टाकता व्यवहारांना जोडावी. भारवाढीचा अर्ज, मीटरवरील नाव बदलणे, घराची विक्री, नवा भाडेकरार, ई-रिक्षाच्या चार्जिंगची जोडणी, हे ते क्षण. अशा वेळी नोंदणीकृत वायरमनचा एक पानी अहवाल असावा आणि त्यातील काही अहवालांची यदृच्छेने निवड करून फेरतपासणी व्हावी. खोटा अहवाल देणाऱ्याचा परवाना जावा. शंभरातील पाच अहवाल खरोखर तपासले, तरी उरलेले पंच्याण्णव सुधारतात, हा प्रशासनातला अनुभव आहे.

४) दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वीज-जोडणी देताना मीटरबरोबरच आरसीसीबी द्यावा. मोफत जोडणी देताना दिवा दिला जातो, मग जीव वाचवणारे उपकरण का नाही?  जेथे स्वतंत्र अर्थिंग शक्य नाही अशा गल्ल्यांत तीन-चार घरांना मिळून अर्थिंगचा खड्डा देण्याची योजना नगर निगमाने व वितरण निगमाने एकत्र आखावी. केबल टाकण्यासाठी ज्यांनी गल्ली खणली, त्यांना हे अशक्य नाही.

५) प्रत्येक प्राणघातक विद्युत अपघाताची सूचना देणे आणि चौकशी करणे याची तरतूद २००३ च्या अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये आहे. या चौकशीचे निष्कर्ष, मृताचे नाव वगळून, जनतेसाठी प्रसिद्ध व्हावेत. विमान अपघाताचा अहवाल आपण प्रसिद्ध करतो, कारण त्यातून पुढचा अपघात टळतो. हजारो घरगुती मृत्यूंमधून मात्र आपण काहीच शिकत नाही, कारण ते फायलीत बंद राहतात.

महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांना थोडे वेगळे सांगायचे आहे. आपण गावच्या किंवा काशीतल्या जुन्या घरासाठी पैसे पाठवता. रंगकाम, फरशी, नवे स्वयंपाकघर यांसाठी पाठवता. यंदा एकदा वायरिंगची चाचणी आणि आरसीसीबी यांसाठी पाठवा. आईवडील एकटे राहत असतील तर हे आधी करा. आणि स्वतः घरी आल्यावर हातात पेचकस घेण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगा. तारांच्या रंगांची भाषा देशोदेशी वेगळी आहे. भारतातील रूढ पद्धतीत काळी तार न्यूट्रलची असते, अमेरिकेत तीच काळी तार जिवंत असते. युरोपात निळी न्यूट्रलची, तर आपल्याकडे तीन फेजांपैकी एकीचा रंग निळा. हिरवी मात्र बहुतेक ठिकाणी अर्थची. शिवाय आपल्या जुन्या घरात कोणी कोणत्या रंगाची तार कशासाठी वापरली असेल याचा नेम नाही. रंगावर विश्वास न ठेवता मेन स्विच बंद करावा, तपासून खात्री करावी आणि जाणकारालाच बोलवावे.

महाराष्ट्र मंडळांनाही एक विनंती आहे. गणेशोत्सवाचा मंडप म्हणजे ऐन पावसाळ्यातली तात्पुरती वायरिंग. लोखंडी खांब, ओली जमीन, रोषणाईच्या माळा आणि लहान मुलांची गर्दी. अशा तात्पुरत्या जोडण्यांसाठीही संहितेत स्वतंत्र नियम आहेत. मंडपाच्या अंदाजपत्रकात मूर्ती, सजावट, प्रसाद यांच्याबरोबर 'विद्युत सुरक्षा' असे एक शीर्ष घालावे. रोषणाईची पहिली माळ लागण्यापूर्वी तीस मिलिअँपिअरचे उपकरण बसले आहे की नाही, हे कार्यकारिणीतील एकाने स्वतः पाहावे.

प्रशासनात आपण यश मोजतो ते किती गावांत वीज गेली, किती किलोमीटर केबल पडली, किती मीटर बसले यावर. हे मोजमाप आवश्यकच होते, आणि त्यातले बरेचसे काम आपण पुरे केले. आता पुढचे मोजमाप वेगळे असायला हवे. प्रत्येक जिल्ह्याच्या वार्षिक आढाव्यात, महसूल आणि गळती या रकान्यांशेजारी, विजेने दगावलेल्या माणसांचा एक रकाना असावा आणि त्यासमोर उत्तर देणारा एक अधिकारी असावा. रकाना असला की प्रश्न विचारला जातो. प्रश्न विचारला गेला की पुस्तिका छापल्या जातात, वायरमनच्या परीक्षा होतात, खड्डे खणले जातात. आज तो रकाना नाही, म्हणून कूलरला हात लावून गेलेली बाई केवळ वर्तमानपत्रातील चार ओळींची बातमी होऊन राहते.